कळतं, पण वळत नाही!

“डॉक्टर, कळतं हो सगळं, पण वळत नाही!”

दवाखान्यात दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडते. ते म्हणणारा माणूस अडाणी नसतो. साखर वाईट, तळलेले वाईट, चालणे चांगले, हे आता खेड्यातल्या आजीबाईंनाही ठाऊक आहे. आपल्या रक्तदाबाचे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. मोबाइलवर रोज सकाळी सुप्रभाताबरोबर मेथीचे पाणी आणि कारल्याचा रस येतो. माहितीचा दुष्काळ आता उरलेला नाही. तरीही पोट पुढे आणि चालणे मागे, अशी आपली अवस्था आहे. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी एका किराणा दुकानदाराच्या पत्नीने दिले, हे आधीच कबूल करतो.

हे दुकानदार आमच्याच गावचे. वय ५२. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते पत्नीसह दवाखान्यात आले. तक्रार अशी मोठी काही नव्हती. थकवा येतो, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते, एवढेच. रक्त तपासले. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते, तिचा आकडा आला ६.३. हा आकडा ५.७ च्या खाली असावा, ६.५ झाला की मधुमेह म्हणायचे. मधली जागा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. शेठ उंबरठ्यावर उभे होते आणि पाऊल आत पडायच्या बेतात होते.

मी सवयीप्रमाणे केसपेपरवर लिहायला घेतले, ‘गोड व तेलकट बंद. रोज चालणे. वजन कमी करणे.’ लिहिता लिहिता सहज मागची पाने चाळली आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. नऊ वर्षांत हाच सल्ला मी पाच वेळा लिहिला होता. शब्दही तेच. शेजारी वजनाचे आकडे होते : ७१, ७३, ७४, ७७ आणि आता ७९ किलो. माझा सल्ला आणि त्यांचे वजन, दोन्ही नेमाने चालू होते.

जरा वैतागून मी म्हणालो, “अहो, नऊ वर्षं तेच सांगतोय. मनावर कधी घेणार?” शेठ कसनुसे हसले आणि त्यांनी वर दिलेले वाक्य उच्चारले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, रोज चालणे म्हणजे कधी? सकाळी ह्यांना दुकान, दुपारी जेवण आणि झोप, रात्री हिशेब. कधी चालायचं आणि कुठपर्यंत, ते लिहा की!”

मी गप्प झालो. औषध लिहून देताना आम्ही ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, पाच दिवस’ असे नीट लिहितो. ‘रोज गोळ्या घेणे’ एवढेच लिहून दिले तर कोणता रुग्ण त्या घेईल? आणि नाही घेतल्या, तर आम्ही त्याच्या मनोनिग्रहाला दोष देऊ का? मात्र आहार आणि व्यायाम या दोन औषधांच्या बाबतीत आम्ही डॉक्टर मंडळी नेमके हेच करत आलो आहोत.

भीती आणि निश्चय

लोकांना निश्चय करता येत नाही, असे मुळीच नाही. आपल्याइतके निश्चय करणारा समाज विरळा. पाडव्याला सुरू झालेले चालणे हनुमान जयंतीपर्यंत टिकते. दसऱ्याला सोडलेले गोड दिवाळीला परत भेटायला येते. गल्लीत कोणाला हृदयविकाराचा झटका आला की आठवडाभर पहाटे रस्त्यावर माणसांची रांग लागते, तेराव्यापर्यंत ती पांगते. भीतीने निश्चय होतो, यात शंका नाही. पण निश्चयाचे काम पुढे कोण करणार?

याबाबत २००२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मोठा बोलका आहे. संशोधकांनी २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी भरपूर माहिती वाचायला दिली, म्हणजे आम्ही दवाखान्यात करतो तसे प्रवचनच. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, शिवाय पुढच्या आठवड्यात व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या जागी करणार, ते स्वतःच्या हाताने लिहून काढायला सांगितले. आठवड्याने चौकशी केली. पहिल्या गटातील शंभरात ३८ जणांनी व्यायाम केला होता. प्रवचन ऐकलेल्या दुसऱ्या गटात ३५ जणांनी. आणि वेळ व जागा लिहून काढलेल्या गटात ९१ जणांनी!

दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, हेही त्या अभ्यासात दिसले. इच्छा वाढली, पण पाऊल हलले नाही. यालाच आपल्याकडे ‘कळतं, पण वळत नाही’ म्हणतात. अर्थात हा हिशेब एका आठवड्याचा आणि तरुण मुलांचा होता. जन्मभराच्या सवयीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वहिनींच्या प्रश्नाला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

नोटा चाचपणारे वडील

वेळ ठरवण्याआधी मी शेठना एक प्रश्न विचारला. तो नऊ वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता. “तुम्हाला या साखरेची स्वतःला कशाची भीती वाटते? मला काय वाटतं ते सोडा.”

ते बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “डोळ्यांची.” त्यांच्या वडिलांना वीस वर्षे मधुमेह होता. शेवटची सहा वर्षे नजर गेलेली. तरी ते गल्ल्यावर बसायचे आणि नोटा चाचपून ओळखायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने पाचशेची म्हणून शंभराची नोट हातावर ठेवली. संध्याकाळी हिशेबात ते उघडकीला आले. “पैशाचं काही नाही डॉक्टर. पण दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आलेच नाहीत.”

मी नऊ वर्षे त्यांना हृदयविकाराची भीती घालत होतो आणि त्यांच्या मनात डोळे होते. दुसऱ्याने दिलेले कारण उसन्या कपड्यासारखे असते, अंगाला नीट बसत नाही. रक्तातली साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातील नाजूक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही फरक पडत नाही, म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. हे शेठना समजावले, त्या वेळी ते खरोखर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळत होते.

मग आम्ही तिघांनी मिळून कागदावर लिहिले : ‘सकाळी सव्वासहा. तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी. घर ते पाण्याची टाकी आणि परत.’ बाकी काही नाही. टाकीपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटे लागतात. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वीस मिनिटांत ते पुरे होत नाही. पण नऊ वर्षांच्या शून्यापेक्षा वीस पुष्कळच मोठे. दसऱ्यापर्यंत ते स्वतःहूनच टाकीच्या पुढे, ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊ लागले.

सव्वा किलो साखर

आहाराचे काय? इथेही ‘गोड बंद’ हे वाक्य मी खोडले. दुकानदाराला गोड कुठून पोटात जाते, याचा शोध घेतला तर दोषी निघाला चहा. दुकानात माल देणारे येतात, वसुलीवाले येतात, ओळखीचे येतात, आणि प्रत्येकाबरोबर समोरच्या टपरीवरून अर्धा अर्धा कप येतो. मोजले तर दिवसाला आठ. अर्ध्या कपात एक चमचा साखर धरली, चमच्यात पाच ग्रॅम, तर दिवसाला चाळीस ग्रॅम. महिन्याला एक किलो दोनशे.

पुढच्या भेटीत शेठ म्हणाले, “डॉक्टर, मी ती काट्यावर ठेवून बघितली. सव्वा किलोची पुडी केवढी होते!” आयुष्यभर दुसऱ्यांना साखर तोलून देणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःची साखर तोलली होती. माझ्या उष्मांकांच्या व्याख्यानाने जे झाले नसते, ते त्या पुडीने केले.

बिनसाखरेचा चहा सांगावा, तर टपरीवर साखर उकळतानाच पडलेली असते. म्हणून घरून थर्मास येऊ लागला. त्यात दोन कप, नावापुरती साखर. पाहुणा आला तर त्याला टपरीचा आणि स्वतःला थर्मासचा. ‘एवढा घ्याच’ असा आग्रह झाला तर काय बोलायचे, तेही ठरवून ठेवले : “आत्ताच झाला, माझा थर्मास बघा.” आग्रहाच्या वेळी उत्तर शोधत बसलेला माणूस हरतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा समोर उभा राहतो, त्याआधीच उत्तर तयार हवे. आता कोणी म्हणेल, साखरेऐवजी गूळ घातला तर? गूळही रक्तातली साखर वाढवतोच. गुळाचा चहा चवीला छान लागतो, एवढेच खरे.

तेलाचा हिशेब वहिनींनी केला. घरात माणसे पाच आणि महिन्याला तेल लागायचे सात किलो. माणशी महिना अर्धा ते पाऊण किलो तेल पुरे. त्यांनी महिन्याचे तेल साडेचार किलोच्या डब्यात वेगळे काढले आणि कढईत डब्याची धार धरायची, ती बंद करून छोट्या पळीने घालायला सुरुवात केली. शेंगाचटणी आणि भाकरी मात्र कोणी सोडली नाही, आणि सोडूही नये. आपल्या जिल्ह्याच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, ती उगीच नव्हे. मात्र भाकरी पौष्टिक म्हणून दोनाच्या चार खाल्ल्या तर तिलाही दोष देऊ नका. ताटात आधी कोशिंबीर, उसळ आणि पालेभाजी वाढून घ्यावी. मग भाकरीची भूक आपोआप आवरते. ताटातून काढून घेण्यापेक्षा ताटात काही घालणे मनाला सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

उपवासाविषयी एक शब्द. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा आहारतज्ज्ञाने केलेली नाही, पण तंतोतंत खरी आहे. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग. त्यात बटाटा, शेंगदाण्याचे कूट आणि तूप. ही खिचडी दोन वेळा खाऊन संध्याकाळी साखर तपासायला येणारे भाविक मी पाहिलेले आहेत.

किर्दीत चालण्याची नोंद

शेठनी आपल्या धंद्यातलीच एक युक्ती काढली. रोजच्या किर्दीच्या पानावर कोपऱ्यात ते चालण्याची नोंद करू लागले. चालले की ‘जमा’, नाही चालले की ‘नावे’. महिन्याअखेर बेरीज. मला ही वही कोणत्याही मोबाइलमधल्या घड्याळापेक्षा भरवशाची वाटते, कारण किर्दीत खोटे लिहायचे नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम आहे.

सवय एकवीस दिवसांत लागते, असे आपण सर्वत्र ऐकतो. या समजुतीचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याचा चालण्याशी किंवा चहाशी काही संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी गोष्ट निवडून ती रोज ठरलेल्या प्रसंगानंतर करायची होती. ती आपसूक होऊ लागायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे, असे समजू नये. त्याच अभ्यासात आणखी एक दिलाशाची गोष्ट आढळली. एखादा दिवस चुकला, तर फारसे काही बिघडत नाही.

हे मला दिवाळीनंतर उपयोगी पडले. दिवाळी म्हणजे किराणा दुकानाचा सुगीचा काळ. सलग नऊ दिवस ‘नावे’. वर फराळ. शेठ पडलेल्या चेहऱ्याने आले आणि म्हणाले, “सगळं बुडालं डॉक्टर. आता पाडव्यापासून नव्यानं.” मी विचारले, “नऊ दिवस धंदा झाला नाही तर दुकान विकून टाकता का?” “छे, छे.” “मग? उद्या सव्वासहाला शटर उघडा.” पाडवा पाच महिने दूर होता. निम्मे निश्चय या मुहूर्ताच्या वाट पाहण्यातच बुडतात.

“दिंडी निघती की”

तरीही ‘उत्साह वाटत नाही’ ही तक्रार उरतेच. तिच्यावर मला मिळालेले उत्तर आषाढातले आहे. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या सेवेसाठी आम्ही काही डॉक्टर वाटेवर बसतो. एका वर्षी साठी उलटलेल्या एका माउलींच्या पायाचे फोड मी स्वच्छ करत होतो. आळंदीहून निघून दोनशे किलोमीटर चालून झालेले. मी म्हणालो, “मावशी, रोज पहाटे उठून चालायला एवढा उत्साह येतो कुठून?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही वेड्यासारखे विचारले. म्हणाल्या, “उत्साह कशाला लागतो? दिंडी निघती की. मग मीबी निघती.”

आज चालावेसे वाटते का, हा प्रश्न वारीत कोणी सकाळी उठून स्वतःला विचारत नाही. निघायची वेळ ठरलेली, वाट ठरलेली, मुक्काम ठरलेला, आणि दोन्ही बाजूंना माणसे. श्रद्धा तर आहेच. पण श्रद्धेलासुद्धा वेळापत्रक आणि सोबत लागते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तीच माणसे गावी परतल्यावर मंडईपर्यंत जायला रिक्षा शोधतात, कारण तिथे दिंडी नसते.

ज्यांचा केसपेपरच नव्हता

आता वहिनींबद्दल लिहिले पाहिजे. तिसऱ्या भेटीत मी सहज म्हणालो, “वहिनी, तुमचीही साखर बघू या.” त्या म्हणाल्या, “मला काय धाड भरलीय!” पण गुडघे दुखतात, हे त्यांनीच आधी सांगितले होते. कमरेचा घेर मोजला, ९४ सेंटिमीटर. आपल्या भारतीय बांध्याच्या स्त्रियांमध्ये तो ८० च्या आत आणि पुरुषांमध्ये ९० च्या आत असावा. हातपाय त्यांचे बारीक. ‘मी कुठं जाड आहे?’ असे त्यांनाही वाटत होते आणि घरच्यांनाही. आपल्याकडे ही फसगत फार होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघा शास्त्रज्ञांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली होती. दोघांचे उंचीच्या मानाने वजन सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे असू शकतात.

वहिनींचा आकडा आला ६.६. पुन्हा तपासून खात्री केली. शेठ अजून उंबरठ्यावर होते. या कधीच्याच आत गेल्या होत्या. नऊ वर्षे त्या नवऱ्याबरोबर माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसत होत्या आणि मी त्यांच्या नावाचा केसपेपरसुद्धा काढला नव्हता. नवऱ्याचे पथ्य सांभाळणारी बाई, एवढीच त्यांची नोंद माझ्या डोक्यात होती. ही चूक माझी, आणि ती माझ्या एकट्याची नसावी.

त्यांना ‘मनावर घ्या’ असे सांगण्यात काय अर्थ होता? त्या सगळ्यांच्या नंतर जेवत. उरलेला भात, पोरांनी ताटात टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याला लागलेली भाजी, हे सगळे त्यांच्या पोटात जाई. “अन्न टाकवत नाही हो.” भुकेपेक्षा उरलेल्यावर त्यांचे जेवण ठरत होते. चालायला सकाळी वेळ नाही, कारण सहाला नळ येतो. शिवाय नवऱ्याबरोबर रस्त्याने फिरायला जायचे म्हणजे लोक काय म्हणतील, हेही होतेच.

त्यांच्यासाठी कागद वेगळा झाला. पहिली ओळ होती : ‘तांदूळ एक वाटी कमी, कणीक मोजून.’ कमी रांधले की कमी उरते. दुसरी ओळ शेठनी लिहायला लावली : ‘रात्री सगळ्यांनी एकदम जेवायला बसायचे.’ तिसरी : ‘संध्याकाळी सात. दिवाबत्ती झाल्यावर, शेजारच्या दोघींबरोबर देवळापर्यंत आणि परत.’ त्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार, यावर दवाखान्यातच चर्चा झाली. शेवटी थोरल्या मुलाचे नाव पुढे आले. सासूबाई पहिले चार दिवस गप्प होत्या, मग स्वतःच सात वाजता “निघायचं नाही का?” म्हणू लागल्या, असे वहिनी सांगतात. गोळी चालू करावी लागली, ती आजही चालू आहे. सहा महिन्यांनी आकडा ६.२ आला. शेजारच्या दोघींपैकी एकीने मध्येच सोडले; तिच्या घरी कुकर लावणारे कोणी नव्हते.

शेठचे वजन वर्षभरात ७९ वरून साडेपंच्याहत्तर झाले आणि साखरेची सरासरी ६.३ वरून ५.९ वर आली. वृत्तपत्रात फोटो छापावा असे यात काही नाही. पण चेन्नईच्या संशोधकांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, तो इथे आठवतो. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. खाणे-चालणे सुधारायला ज्यांना सतत मदत केली, त्यांच्यात ३९ जणांना. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे घटलेले नव्हते, तरी फायदा झाला. तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नये. पुढे २०१३ साली तेथील संशोधकांनी ५३७ पुरुषांवर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मोबाइलवर नियमित छोटे संदेश पाठवत राहिले, एवढाच काय तो फरक. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांमध्ये २७ टक्के मधुमेही झाले, मिळालेल्यांमध्ये १८ टक्के. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या पाहणीत २०२३ साली पुढे आला. या सर्वांना पुरतील एवढे डॉक्टर कुठून आणायचे? पण कुकर लावणारा मुलगा आणि सात वाजता हाक मारणारी शेजारीण बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एकदम खाणे कमी करू नका, कडक उपवास धरू नका. साखर फार उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. अशा वेळी खिशातली साखर लगेच तोंडात टाकावी आणि मग डॉक्टरांना भेटून मात्रा बदलून घ्यावी. चालताना छातीत दडपण किंवा धाप जाणवली तर तिथेच थांबा, आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा चालायला लागू नका. पायांना बधिरता असेल तर अनवाणी चालणे टाळा, मग ती देवळाची प्रदक्षिणा का असेना.

गेल्या महिन्यात दोघेही तपासणीला आले होते. काम झाले, उठता उठता वहिनींनी माझ्या पोटाकडे पाहिले आणि विचारले, “आणि डॉक्टर, तुमची वेळ कोणती?” मी म्हणालो, “मला दवाखान्यातून सवड कुठं...” आणि मध्येच थांबलो. टेबलावरचा कोरा केसपेपर ओढून त्यांच्यासमोरच लिहिले : ‘सकाळी पावणेसहा. हायस्कूलचे मैदान, चार फेऱ्या.’ तो कागद सध्या टेबलाच्या काचेखाली आहे. कालपर्यंतची नोंद : जमा एकोणीस, नावे सात.